गोलावरील बिंदूंची निःपक्षपाती निवड

पृथ्वीचा किती भाग समुद्रानें व्यापला आहे, अथवा सर्व भूपृष्ठाचें सरासरी उष्णतामान किती, हें ठरवावयाचें तर तसूतसू मोजणें अशक्य. म्हणून कांहीं ठिकाणें यदृच्छेनें निवडून त्यांवरून संपूर्णाचा अदमास बांधतात. या अदमासाची सारी भिस्त निवडीच्या निःपक्षपातावर असते. आणि गोल पृष्ठावर तो वाटतो तितका सोपा नाहीं.

चिठ्ठ्या टाकून एक रेखांश व एक अक्षांश काढावा, ही युक्ति कोणासही सुचेल. परंतु ती फसवी आहे. विषुववृत्ताचा परीघ सुमारें ४०,००० किलोमीटर. ६० व्या अक्षांशाचें वृत्त त्याच्या निम्मे, आणि ध्रुवाशीं तर केवळ बिंदु उरतो. चिठ्ठ्या मात्र प्रत्येक अंशास सारख्याच! ६० अंशांपलीकडील दोन्ही ध्रुवप्रदेश मिळून पृथ्वीपृष्ठाचा सुमारें १३.४ टक्केच भाग होतो. पण त्यांच्या वांट्यास एकतृतीयांश बिंदु येतात. अशा बिंदूंवरून सरासरी काढल्यास पृथ्वी आहे त्याहून पुष्कळच थंड ठरेल.

यावरील तोड आर्किमिडीजनें इ. स. पूर्वी तिसऱ्या शतकांत सिद्ध केलेल्या सिद्धांतांत आहे. गोलाभोंवतीं त्यास नेमकी भिडणारी उभी नळी बसवून दोहोंस आडवे, समांतर छेद दिले, तर गोलाच्या पट्ट्याचें क्षेत्रफळ नळीच्या पट्ट्याइतकेंच भरतें. ध्रुवाकडे पट्टा आंखूड होतो, पण तितकाच कलून रुंदही होतो; एकाची उणीव दुसरा भरून काढतो. हा शोध त्यास इतका प्रिय होता कीं, गोल व नळी यांची आकृति आपल्या समाधीवर असावी, अशी त्याची इच्छा होती. इ. स. पूर्वी ७५ मध्यें सिसेरोनें त्याच खुणेवरून ती समाधि ओळखली.

तेव्हां अक्षांश न निवडतां उंची निवडावी. त्रिज्या १ मानून उणे १ ते अधिक १ यांमधील एक संख्या यदृच्छेनें घ्यावी. ती ज्याची भुजज्या तो अक्षांश. रेखांश पूर्वींप्रमाणेंच काढावा. आतां प्रत्येक चौरस मैलास सारखी संधि मिळते.

तथापि संधि सारखी म्हणून अंतरें सारखीं, असें नव्हे. आकाशांतील तारकांप्रमाणें कोठें दाटी, कोठें पोकळी राहतेच. ती टाळण्यासाठीं प्रत्येक वेळीं दहा उमेदवार बिंदु काढावे, आणि पूर्वीं निवडलेल्या बिंदूंपैकीं आपल्या निकटतम बिंदूपासून जो सर्वांत दूर असेल, तोच ठेवावा. अंतर मात्र गोलाच्या पृष्ठावरूनच मोजावें. भोपळ्यासारखें वेडेंवांकडें पृष्ठ असल्यास त्याचे लहान त्रिकोण पाडून, प्रत्येकास त्याच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणांत संधि द्यावी. न्याय अंशांना नव्हे, क्षेत्रफळाला द्यावयाचा, हेंच येथील मर्म.