नीरेपलीकडची उत्तरं

पुण्याहून साताऱ्याकडे निघालं की सारोळ्याला नीरेचा पूल लागतो. पुलाच्या त्या टोकाला पुणे जिल्हा संपतो आणि साताऱ्याचा खंडाळा तालुका सुरू होतो. फारसं कुणाच्या ध्यानात येत नाही, पण याच पुलावर विद्यापीठही बदलतं. अलीकडे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ, पलीकडे कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ. पुणे विद्यापीठाला सावित्रीबाईंचं नाव मिळालं २०१४ साली. त्यांचं जन्मगाव नायगाव मात्र नदीच्या पलीकडे, खंडाळा तालुक्यात. ज्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे, त्याच्या कार्यक्षेत्रात त्यांचं गाव येत नाही.

हे आठवायला कारण घडलं. समाजविज्ञानाच्या संशोधन संस्थांचे अलीकडचे कार्यवृत्तांत वाचत होतो. सामंजस्य करार, संयुक्त प्रकल्प, चर्चासत्रं, परदेशी विद्यापीठांशी देवाणघेवाण. यातलं पुष्कळसं काम चांगलं आहे, गरजेचं आहे. पण करारांच्या याद्यांमधून बोट फिरवताना गाव कुठे आहे ते शोधत राहिलो. ज्याच्या ओसरीवर बसून माहिती घ्यायची, तो या भागीदारीत कोण?

या प्रश्नाचा माग काढत गेलो तर वाट पुण्याहून पुन्हा साताऱ्यालाच येते. पुण्याची गोखले अर्थशास्त्र संस्था ६ जून १९३० रोजी उभी राहिली ती साताऱ्याच्या रावबहादूर आर. आर. काळे यांच्या देणगीवर. ती देणगी त्यांनी सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटीला दिली आणि संस्थेची धुरा अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगिळांकडे आली. काळ्यांच्या स्मरणार्थ तिथे व्याख्यान होऊ लागलं. २९ जानेवारी १९३९ ला ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिलं. विषय होता संघराज्य आणि स्वातंत्र्य. साताऱ्याच्या शाळेत ज्यांचं नाव ७ नोव्हेंबर १९०० रोजी दाखल झालं, त्यांनी साताऱ्याच्याच एका माणसाच्या नावाचं व्याख्यान पुण्यात द्यावं, ही गोष्ट सातारकरांनी विसरू नये.

गाडगिळांनी सुरुवात पुस्तकांपासून केली नाही. पुण्याच्या बाजारात फळं कशी येतात, कुणाच्या हातून किती भावाने पुढे जातात, याची पाहणी त्यांच्या पहिल्या कामांपैकी. मग मुंबई इलाख्यातल्या सहा जिल्ह्यांतल्या मोटार वाहतुकीची पाहणी. आणि १९४० साली संस्थेने छापली ती वाई तालुक्यातल्या शेतीधंद्याची पाहणी, धनंजयराव आणि व्ही. आर. गाडगीळ यांच्या नावाने. जुन्या महसुली हिशेबात खंडाळा हा वाईचाच पेटा. म्हणजे खंबाटकी घाटाच्या या अंगाची, खंडाळ्याची माणसं त्या शेतकऱ्यांची सोयरी-शेजारीच.

शेताचा हिशेब मांडणं वाटतं तितकं सोपं नाही. शेतकऱ्याला विचारा, किती पिकलं? तो सांगणार पायलीत, पोत्यात. त्यातलं बलुत्याला किती गेलं, बियाण्याला किती राखलं, खळ्यावरच कुणाला किती वाढलं, हे वेगळं विचारावं लागतं. जमीन स्वतःची, खंडाने घेतलेली की अर्धलीने केलेली? बैल एकच असेल तर शेजाऱ्याशी वारंगुळा. त्या शेजाऱ्याच्या बैलाचं भाडं धरायचं का? इर्जिकीला दहा जण आले, जेवून गेले, पैसा एकही दिला नाही. मग मजुरी शून्य? आणि सगळ्यात अवघड घरातलीच माणसं. बायको, दोन सुना, शाळा सुटल्यावर गुरं राखणारा पोरगा. यांच्या कष्टाला दर लावला तर शेत तोट्यात जातं आणि न लावला तर नफा दिसतो. हमीभावाचा वाद आज ज्या सूत्रांवर चालतो, घरच्या मजुरीसह खर्च धरायचा की जमिनीचा खंड आणि भांडवलाचं व्याजही त्यात घ्यायचं, त्याचं मूळ या ओसरीवरच्या प्रश्नातच आहे. ही उत्तरं दिल्लीत बसून मिळत नाहीत. त्यासाठी बांधावर जाऊन बसावं लागतं आणि घाई न करता बसावं लागतं.

पुढे हीच संस्था मोठ्या भागीदाऱ्यांत उतरली. १९५० साली राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली तेव्हा पहिल्या फेरीतल्या काही तक्त्यांचं काम पुण्यात झालं. १९५४ मध्ये केंद्राच्या मदतीने कृषी-अर्थशास्त्र संशोधन केंद्र आलं. साताऱ्यात १९२० साली जन्मलेले वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांचा भारतातल्या दारिद्र्यावरचा अभ्यास १९७१ साली प्रसिद्ध झाला, तो फोर्ड फाउंडेशनच्या सांगण्यावरून हाती घेतलेला. १९६०-६१ च्या किमतींनुसार ग्रामीण भागात महिना माणशी १५ रुपये आणि शहरात साडेबावीस, एवढा किमान खर्चही न झेपणारे लोक त्यांनी मोजले. खेड्यातले सुमारे ४० टक्के आणि शहरातले सुमारे ५० टक्के त्या रेषेखाली निघाले. पैसा बाहेरचा असला तरी निष्कर्ष कुणाच्या सोयीचा नव्हता. भागीदारी कशी असावी, याचा तो नमुना मला आजही वाटतो.

अगदी अलीकडची भागीदारी तर महाराष्ट्रातल्या घराघरात पोचली. मराठा आरक्षणासाठी राज्य मागासवर्ग आयोगाने २३ जानेवारी २०२४ पासून जे सर्वेक्षण केलं, त्याची मोबाइल प्रणाली गोखले संस्थेने तयार केली होती. दीडशेवर प्रश्न, हातात मोबाइल घेतलेले शिक्षक आणि सरकारी कर्मचारी, आणि दहा-बारा दिवसांत दीड कोटीहून अधिक कुटुंबं. १६ फेब्रुवारीला अहवाल सरकारकडे गेला, २० तारखेला विधिमंडळात कायदा मंजूर झाला. समाजविज्ञानाच्या एका संस्थेचं काम इतक्या थेट कायद्यापर्यंत जाताना आपण क्वचितच पाहतो. हा वेग थक्क करणारा आहे, पण मला त्याची काळजीही वाटते. दीडशे प्रश्न एका बैठकीत विचारले की दारात उभी असलेली बाई ‘लिहा तुम्हीच’ म्हणून मोकळी होते. ती काय बोलली नाही, ते कुठल्याही मोबाइलमध्ये साठत नाही.

खंडाळा तालुक्यात न बोललेलं पुष्कळ आहे. सकाळी शिरवळच्या चौकात उभं राहा. कंपन्यांच्या बसगाड्या एकामागून एक येतात, गळ्यात ओळखपत्रं घातलेली पोरं-पोरी चढतात. त्यांच्यातल्या कितीकांच्या बोलण्यात बिहार, ओडिशाची ढब ऐकू येते. केसुर्डी, धनगरवाडीच्या माळांवर शेड उभ्या राहिल्या. जमीन गेलेल्या घरातल्या मुलाला तिथे कायमची नोकरी लागली की कंत्राटी? मोबदल्याचा पैसा किती वर्षं पुरला? दुसऱ्या अंगाला धोम-बलकवडीचं पाणी आलं, दुष्काळी म्हणून सोयरीक नाकारली जायची त्या गावांत ऊस उभा राहिला. लोणंदच्या बाजारात कांदा आणि त्याच लोणंदला माउलींची पालखी. सुखेड-बोरीच्या ओढ्यावर नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही गावच्या बाया समोरासमोर उभ्या राहून एकमेकींना शिव्या देतात. टीव्हीवाले दरवर्षी तो बोरीचा बार दाखवतात. त्या बायांना एरवी बोलायला कुठे मिळतं, हे विचारायला मात्र अभ्यासकच यायला हवा.

शेजारी असा अभ्यास झालेला आहे. फलटणवर इरावती कर्वे आणि जयंत रणदिवे यांचा अभ्यास डेक्कन कॉलेजने १९६५ मध्ये छापला. कोयनेच्या धरणाने उठवलेल्या माणसांवर इरावतीबाई आणि जाई निंबकर यांनी लिहिलं, ते १९६९ मध्ये आलं. पुणे विद्यापीठाचं स्त्री अभ्यास केंद्र १९८७ चं, त्यालाही सावित्रीबाईंचंच नाव. शर्मिला रेगे यांनी तिथे आग्रह धरला तो जातीचा प्रश्न स्त्रियांच्या प्रश्नातून वगळता येणार नाही, याचा. हा आग्रह नायगावच्या मातीतलाच आहे.

दोष एवढाच की कर्वे-गाडगिळांचे हे सगळे ग्रंथ इंग्रजीत आहेत. ज्यांनी उत्तरं दिली त्यांच्या नातवंडांना ते वाचता येत नाहीत आणि गावच्या वाचनालयात ते सापडतही नाहीत. आपल्या आज्याने सांगितलेला जमाखर्च आपल्यालाच परका व्हावा, हे मला मनापासून लागतं.

साताऱ्यात धनंजयराव गाडगीळ यांच्या नावाचं वाणिज्य महाविद्यालय आहे आणि आता ते कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठाचा भाग आहे. पुण्याची गोखले संस्था ६ जून २०३० रोजी शंभर वर्षांची होईल. या दोघांनी आणि कोल्हापूरच्या विद्यापीठाने मिळून वाईची ती पाहणी पुन्हा, खंडाळ्यासह करावी. लोणंद, खंडाळा, शिरवळच्या महाविद्यालयांतल्या मुलामुलींनी आपापल्या गावात प्रश्न विचारावेत, अहवाल मराठीत लिहावा आणि छापण्याआधी तो ग्रामसभेत वाचून दाखवावा. करारावर सह्या होतील तेव्हा एक सही सरपंचाची असू द्या.