आयर्लंडमधील जुन्या मोटारी आणि मागचे लाल दिवे

आयर्लंड हे समुद्राने वेढलेले बेट. आपल्यासारख्याच मोटारी तिथेही डाव्या बाजूने चालतात आणि जुनी गाडी जिवापाड जपणारी माणसे तिथेही पुष्कळ आहेत. १९५० साली डब्लिनच्या शेलबर्न रोडवर फोक्सवॅगनची बीटल गाडी जोडली जाऊ लागली. जर्मनीबाहेर ती प्रथम जोडली गेली ती याच शहरात. तयार गाडी बाहेरून आणली तर भारी जकात पडे, म्हणून सुटे भाग खोक्यांतून येत आणि तिथले कामगार ते जोडत. कॉर्क शहरात फोर्डचा कारखाना होता, तो १९८४ साली बंद झाला. त्या काळातल्या काही गाड्या अजून हौसेने चालवल्या जातात.

पण या गाड्यांना तिथली हवा मानवत नाही. पाऊस नेहमीचा, त्यात समुद्राची खारी हवा आणि थंडीत रस्त्यावर बर्फ जमू नये म्हणून टाकलेले मीठ. आपल्याकडे किनाऱ्यावर राहणाऱ्यांना खाऱ्या हवेचा प्रताप सांगायला नको. दिव्याच्या होल्डरात आणि वायरींच्या टोकांना गंज धरतो. शिवाय डिसेंबरात डब्लिनला सव्वाचारच्या आत सूर्य मावळतो. अशा अंधारात, ओल्या रस्त्यावर ब्रेकचा दिवा लागला नाही तर मागच्या चालकाला कळणार कसे? गंमत अशी की गाडीचा हा दिवा चालकाला स्वतःला सहसा दिसत नाही.

आयर्लंडमध्ये २००० सालापासून खाजगी मोटारींची सरकारी तपासणी होते व तीत हे दिवेही पाहिले जातात. मात्र चाळीस वर्षांहून जुन्या, हौसेखातर ठेवलेल्या गाडीला तिच्यातून सूट आहे. सूट तपासणीची आहे, दिव्यांची नव्हे! म्हणजे ज्या गाडीला तपासणीची गरज जास्त, तिची काळजी सर्वस्वी मालकावर.

तेव्हा दोष शोधावा कसा? प्रथम किल्ली फिरवा. पुष्कळ जुन्या गाड्यांत त्याशिवाय हे दिवे लागतच नाहीत, आणि हे विसरून लोक तासभर वायरी चाचपत बसतात. मग कोणाला तरी पेडल दाबायला सांगून आपण मागे उभे राहावे. एकच दिवा बंद असेल तर दोष त्याच बाजूला आहे. बहुतेक वेळा बल्ब गेलेला असतो. मागच्या बल्बमध्ये पुष्कळदा दोन तारा असतात, एक रात्रीच्या मंद दिव्याची, दुसरी ब्रेकची. एक जळते म्हणून दुसरीही शाबूत असेल असे धरू नये.

नवा बल्ब घालूनही दिवा मिणमिणत असेल, किंवा ब्रेक दाबताच शेजारचा भलताच दिवा उजळत असेल, तर अर्थिंग बिघडले आहे असे समजावे. दिव्यातून गेलेली वीज गाडीच्या लोखंडी अंगातून बॅटरीकडे परत जाते. मध्ये गंज आला की ती दुसरी वाट शोधते. होल्डर आणि अर्थची जागा पॉलिश पेपरने घासून लखलखीत करावी. १९६७ पूर्वीच्या सहा व्होल्टच्या बीटल गाड्यांत तर थोडासा गंजही बाधतो.

दोन्ही दिवे एकदम गेले तर आधी फ्यूज पाहावा. मॉरिस मायनरसारख्या गाडीत त्याच फ्यूजवर वायपर आणि इंडिकेटरही असतात; तेही बंद असतील तर फ्यूज गेला हे उघड आहे. फ्यूज चांगला असेल तर ब्रेकच्या स्विचकडे वळावे. त्याच्या दोन्ही वायरी काढून एकमेकींना जोडाव्यात. दिवे लागले तर स्विच खराब.

हा स्विच काही गाड्यांत पेडलजवळ असतो, तेव्हा तो नुसता सरकून बसवूनही भागते. बीटल आणि मायनर यांच्यात मात्र तो ब्रेक ऑइलच्या दाबावर चालतो, आणि खरा धोका इथेच आहे. तो एकदम मरत नाही, हळूहळू आळशी होतो. जोरात पाय दिला तर दिवा लागतो, हळू दिला तर लागत नाही. घरी तपासताना आपण पेडल जोरातच दाबतो आणि सारे ठीक आहे असे समजतो. रहदारीत मात्र आपले ब्रेक बहुधा हलकेच असतात. सिलिकॉनचे ब्रेक ऑइल वापरले की हा स्विच लवकर बिघडतो, असा जुन्या गाड्यांच्या मालकांचा अनुभव आहे.

तो बदलताना नवा हाताशी ठेवावा, जुना काढताच चटकन बसवावा आणि उगाच जास्त आवळू नये. ब्रेक ऑइल सांडले तर लगेच धुवावे, ते रंग खाते. नंतर ऑइलची पातळी पाहावी. पेडल मऊ लागले तर आत हवा शिरली आहे. ती काढल्याशिवाय गाडी रस्त्यावर नेऊ नये. हे काम अंगवळणी नसेल तर मेकॅनिककडेच द्यावे.

मदतीला कोणी नसेल तर संध्याकाळी गाडी मागे घेऊन भिंतीजवळ उभी करावी, पेडलवर अगदी हलकेच पाय ठेवावा आणि आरशात भिंतीवरचा लाल उजेड पाहावा. तो दोन्ही बाजूंना सारखा दिसला पाहिजे.