हुकूम सुटला, पण काम सुरू झाले का?

आपल्या अनेक व्यापारी बंधूंचा हिशेब आता संगणकावर असतो. एक यंत्र बिघडले तरी धंदा थांबू नये म्हणून मोठ्या पेढ्या दोन-तीन यंत्रांचा गट ठेवतात. त्यास क्लस्टर म्हणतात. लिनक्सवर अशा गटाचा कारभार बहुधा ‘पेसमेकर’ ही प्रणाली पाहते. बिलांचा डेटाबेस किंवा तत्सम प्रत्येक सेवेला तेथे ‘रिसोर्स’ हे नाव आहे.

रिसोर्स सुरू करण्याचा हुकूम दिला की तो लगेच स्वीकारला जातो. पण त्या घडीला हुकूम फक्त नोंदवहीत चढलेला असतो. सेवा उभी राहायला वेळ लागतो. बिल्टी हाती आली म्हणून माल गिऱ्हाइकाच्या दुकानात पोहोचला असे आपण धरत नाही. प्रोग्रॅमनेही धरू नये. नाहीतर तो बंद डेटाबेसवर बिले पाठवील आणि ऐन गर्दीत काउंटर अडेल.

खातरजमा तीन पायऱ्यांनी करावी.

पहिली, ‘पीसीएस’ साधनातून हुकूम देताना ‘वेट’ हा पर्याय जोडावा आणि सेकंदांची मुदत लिहावी. मुदत न लिहिल्यास ते 60 मिनिटांपर्यंत थांबते. सेवा सुरू झाली तर उत्तर 0 मिळते, न झाल्यास 1.

दुसरी, रिसोर्स कोणत्या यंत्रावर चालू आहे हे विचारावे. गट शांत झाला एवढ्यावर विसंबू नये. सेवा सुरू होण्यात अपयश आले तरी गट शांत होतोच. प्रत्येक सेवेची तपासणी करणारा ‘एजंट’ असतो. त्याच्या उत्तरात 0 म्हणजे चालू, 7 म्हणजे बंद.

तिसरी, डेटाबेसला एखादा साधा प्रश्न विचारून उत्तर येते का पाहावे. पावतीवर सही असली तरी गाठ सोडून माल पाहतोच ना आपण!

आणखी एक गोष्ट. मुदत ठरवलेली नसेल तर पेसमेकर कोणत्याही क्रियेला 20 सेकंदच देतो. मोठ्या डेटाबेसला ती अपुरी पडू शकते, आणि चांगली सेवाही नापास ठरते. तेव्हा आपल्या संगणक सांभाळणाऱ्यास विचारा: मुदत किती ठेवली आहे, आणि 1 उत्तर आले तर प्रोग्रॅम थांबतो की तसाच पुढे जातो?