‘गिव्ह अप’चा मराठीत अर्थ काय? सही करण्यापूर्वी समजून घ्या

हरणी (बडोदा) : बडोद्याचं विमानतळ हरणीत आहे. सुरक्षा तपासणीत हातातल्या बॅगेत चाकू किंवा लायटर निघाला, तर तो तिथेच सोडून पुढे जावं लागतं. इंग्रजीत हे ‘गिव्ह अप’. आजोबांनी तंबाखू सोडली, तेही ‘गिव्ह अप’. गणित सुटेना म्हणून पोरानं वही मिटली, तेही ‘गिव्ह अप’. आणि लग्न झालेल्या बहिणीनं वडिलांच्या घरातला आपला वाटा भावासाठी सोडला, तर त्यालाही इंग्रजीत हेच शब्द चालतात.

बडोद्यातल्या मराठी घरांत आत मराठी, बाहेर गुजराती आणि शाळा-ऑफिसात इंग्रजी असा मामला असतो. त्यामुळे हा शब्द सगळ्यांच्या तोंडी आहे. पण त्याचा पाठ असलेला अर्थ बहुधा एकच, ‘हार मानणे’. बोलण्यात तेवढ्यावर भागतं. कागदावर सही करायची वेळ आली की भागत नाही.

कोड्यापासून पोलीस ठाण्यापर्यंत

कोडं सुटलं नाही की मूल म्हणतं, ‘हरलो, सांग आता.’ इंग्रजीत ‘आय गिव्ह अप’. इथे हार आहे, पण नुकसान काही नाही.

सवय सोडायची असेल तर ‘गिव्ह अप स्मोकिंग’ म्हणतात. ‘गिव्ह अप टू स्मोक’ म्हणणं चूक. मागे येणाऱ्या क्रियापदाला ‘इंग’ लागतं. शाळेच्या पेपरात हमखास मार्क जातात ते इथे.

बसमध्ये म्हाताऱ्या माणसाला आपली जागा दिली तर ‘गिव्ह अप द सीट’. यात हार कसली? हा चांगुलपणा झाला. फरारी माणूस आपणहून पोलिसांसमोर हजर झाला तर ‘गिव्ह हिमसेल्फ अप’, म्हणजे शरण येणं. आणि ‘गिव्ह अप ऑन समवन’ म्हणजे एखाद्याची आशा सोडणं. ‘याच्याकडून आता काही होणार नाही’ असं ठरवून त्याचा नाद सोडणं.

मराठीत इथे बारकावा जास्त आहे. ‘हात टेकले’ म्हणजे सगळं करून थकलो. ‘हात वर केले’ म्हणजे जबाबदारी झटकली. गुजरातीतही ‘हाथ ऊंचा करी दीधा’ म्हणतात ते याच अर्थानं. पहिल्याला ‘गिव्ह अप’ बरोबर बसतं, दुसऱ्याला नाही. तसंच गुजरातीतलं ‘जवा दे ने’ आणि आपलं ‘जाऊ दे’ म्हणजे विषय वाढवू नको. त्यात कोणी काही सोडून देत नाही, त्यामुळे त्याचं भाषांतर ‘गिव्ह अप’ होत नाही.

‘इट’ मध्येच का?

सरकारच्या एका मोहिमेच्या नावातच याचं व्याकरण होतं. मार्च 2015 मध्ये गॅस सिलिंडरची सबसिडी स्वेच्छेनं सोडण्यासाठी ‘गिव्ह इट अप’ ही मोहीम सुरू झाली. वस्तूचं नाव असेल तर ते शेवटी चालतं, ‘गिव्ह अप सबसिडी’. पण ‘इट’, ‘देम’ असं सर्वनाम असेल तर ते मध्येच येतं. ‘गिव्ह अप इट’ असं इंग्रजीत कोणी म्हणत नाही.

या मोहिमेत देशभरात 1 कोटीहून अधिक ग्राहकांनी सबसिडी सोडली. पुढे जानेवारी 2016 पासून 10 लाखांपेक्षा जास्त करपात्र उत्पन्न असणाऱ्यांची सबसिडी सरकारनंच बंद केली. दोन्हीकडे पैसे बंदच झाले, पण पहिल्यांनी ‘गिव्ह अप’ केलं आणि दुसऱ्यांची काढून घेतली गेली. या शब्दाचा गाभा इथे आहे. राजीखुशीनं असो की नाइलाजानं, सोडणारा हात आपलाच असतो. म्हणून पुढे ‘मला नको होतं, त्यांनी घेतलं’ म्हणणं कठीण जातं.

कागदावरचं ‘गिव्ह अप’

कागदावर हा शब्द सहसा दिसत नाही. तिथे ‘सरेंडर’, ‘रिलीज’, ‘हक्कसोड’ असे त्याचे भाऊबंद असतात.

विमा पॉलिसी : ‘पॉलिसी सोडली’ असं आपण सहज बोलतो. पण हप्ते भरणं थांबवणं वेगळं आणि पॉलिसी सरेंडर करणं वेगळं. ठरावीक काळ हप्ते भरून झाले असतील, तर काही पॉलिसी कमी रकमेवर ‘पेड-अप’ म्हणून चालू राहतात. सरेंडर केली की करार संपतो, विमा संरक्षण जातं आणि मिळणारी रक्कम भरलेल्या हप्त्यांपेक्षा कमी असू शकते. 1 ऑक्टोबर 2024 पासूनच्या नियमांनी लवकर सोडणाऱ्यांचं नुकसान कमी केलं आहे, पूर्ण संपवलेलं नाही.

पासपोर्ट : मुलगा परदेशात स्थायिक झाला आणि त्यानं तिकडचं नागरिकत्व घेतलं, तर 1955 च्या नागरिकत्व कायद्याप्रमाणे भारतीय नागरिकत्व आपोआप संपतं. त्यासाठी वेगळा ‘गिव्ह अप’ लागत नाही. भारतीय पासपोर्ट मात्र सरेंडर करून दाखला घ्यावा लागतो.

वडिलोपार्जित वाटा : सर्वांत जास्त जपून राहायचं ते इथे. महाराष्ट्रात ‘हक्कसोडपत्र’ म्हणतात, गुजरातेत ‘हक कमी’ हा शब्द रूढ आहे. ‘फक्त नाव कमी करायचं आहे, एक सही दे’ असं बहिणीला सांगितलं जातं. ऐकायला किरकोळ वाटतं, पण त्या सहीनं हिस्सा जातो.

हिंदू वारसा कायद्यात 2005 मध्ये दुरुस्ती झाली आणि वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला. त्यासाठी 2005 साली वडील हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट 2020 मध्ये विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं. वडिलांनी स्वतः कमावलेल्या मालमत्तेचं तसं नाही. ते हयात असेपर्यंत मुलांपैकी कुणाचाच तिच्यावर हक्क नसतो. पुढेमागे वारसा मिळेल ही नुसती आशा कायद्यानं दुसऱ्याला देता येत नाही. मग ती ‘सोडण्याचा’ कागद आधीच का करून घेतला जातोय, हे विचारायला हवं.

100 रुपये किंवा त्याहून अधिक किमतीच्या स्थावर मालमत्तेतला हक्क सोडायचा तर दस्त नोंदवावा लागतो. राहणं बडोद्यात आणि जमीन सांगलीत असेल, तर नोंदणी महाराष्ट्रात होते आणि मुद्रांक शुल्कही तिथलंच लागतं. हक्क कुणाच्या नावे सोडला जातोय, एका भावाच्या की सगळ्या सहहिस्सेदारांच्या, हे दस्तात स्पष्ट हवं. नोंदलेला दस्त नंतर मन बदललं म्हणून फिरत नाही. फसवून किंवा दबाव आणून सही घेतली, हे कोर्टात सिद्ध करावं लागतं.

बडोद्यात वाढलेल्या मुलीला महाराष्ट्रातला सरकारी मराठी दस्त वाचताना अडखळायला होतं. सांगलीहून लग्न होऊन इकडे आलेल्या सुनेला गुजराती दस्त वाचता येत नाही. अशा वेळी दस्त आपल्या भाषेत पूर्ण वाचून घ्यावा आणि त्याची प्रत घरी आणून ओळखीच्या वकिलाला दाखवावी. भावाला वाटा खुशाल द्यावा, त्यात गैर काही नाही. पण काय दिलं आणि त्याची किंमत किती, हे देणारीला सहीच्या आधी ठाऊक असावं.