घर एक, नुकसान दोघांचे

२६ ऑगस्ट २०२२ चा दिवस. चंद्रपूर जिल्ह्यातल्या घुग्घुस शहरात, अमराई वॉर्डात, भरवस्तीतल्या एका घराखालची जमीन हलू लागली. घरातली माणसे घाबरून बाहेर पळाली आणि थोड्याच वेळात त्यांच्या डोळ्यांदेखत अख्खे घर जमिनीच्या पोटात गेले. खड्डा ६० ते ७० फूट खोल असल्याचे तेव्हा सांगितले गेले. जीव वाचले. आसपासची घरेही रिकामी करावी लागली.

या भागाखाली जुनी कोळसा खाण आहे. भूमिगत खाणीत कोळसा काढताना छताला आधार म्हणून कोळशाचेच खांब सोडतात. काम संपले की पोकळीत रेती भरायची असते. भरणी अपुरी राहिली, तर पाणी साचते, खांब झिजतात आणि छताचा खडक थराथराने निखळतो. निखळलेला खडक खाली पडला की पोकळी तेवढीच वर सरकते. असे वर्षानुवर्षे चालते. वर नांदणाऱ्या कुटुंबाला त्याचा पत्ता नसतो. एखाद्या पावसाळ्यात वरची माती पाण्याने जड होते आणि शेवटचा थर तुटतो.

अशा घरात किरायाने दिलेली एखादी खोली असली तर? घुग्घुस, बल्लारपूर, भद्रावती, गडचांदूर ही कामगारांची गावे. कोळसा, कागद, आयुध निर्माणी, सिमेंट यांच्यासाठी माणसे लांबून येतात आणि खोली किरायाने घेतात. गडचिरोलीत २०११ साली गोंडवाना विद्यापीठ सुरू झाले. तिथे भामरागड, एटापल्लीहून शिकायला येणारी मुलेही अशाच खोल्यांत राहतात. घर पडले की मालकाची इमारत जाते आणि दर महिन्याचा किरायाही थांबतो. किरायेदाराचे कपाट, टीव्ही, शिलाई मशीन, मुलांची पुस्तके जातात, आणि त्याच रात्री दुसरे छप्पर शोधावे लागते. घर एक, पण त्यात दोन वेगळ्या मालमत्ता असतात. आपल्याकडे ‘घराचा विमा’ म्हटले की लोकांना पहिलीच दिसते.

कायद्याला मात्र हा फरक फार पूर्वीपासून ठाऊक आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०८ प्रमाणे आग, वादळ, पूर किंवा अशाच अनिवार्य आपत्तीने भाड्याची मालमत्ता कायमची निरुपयोगी झाली, तर भाडेपट्टा रद्द समजण्याचा हक्क भाडेकरूला आहे. त्याच्या वाहून गेलेल्या सामानाची भरपाई मात्र हे कलम देत नाही. मालकाने काढलेला इमारतीचा विमाही ती देत नाही, कारण ज्या वस्तूत आपला आर्थिक हितसंबंध असतो तिचाच विमा आपल्याला उतरवता येतो. मालकाने भिंतींचा उतरवायचा, किरायेदाराने आपल्या सामानाचा.

१ एप्रिल २०२१ पासून आगविमा करणाऱ्या प्रत्येक सर्वसाधारण विमा कंपनीला ‘भारत गृह रक्षा’ नावाची प्रमाणित पॉलिसी विकणे बंधनकारक झाले. विमा नियामक प्राधिकरणाने तिचा मजकूर सर्व कंपन्यांसाठी एकच ठेवला. ती फक्त इमारतीची घेता येते, फक्त सामानाची घेता येते किंवा दोन्हींची मिळून. म्हणजे एका खोलीच्या किरायेदारालाही तिचे दार उघडे आहे. इमारत आणि सामान दोन्हींचा विमा घेतला, तर इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये, एवढे सामान आपोआप धरले जाते. दहा लाखांच्या घराबरोबर दोन लाखांचे सामान.

या पॉलिसीतली धोक्यांची यादी वाचताना मी थक्क झालो. आग, वीज, भूकंप, वादळ, पूर हे तर अपेक्षितच. पुढे जमीन खचणे आणि दरड कोसळणे आहे. त्याच्याही पुढे जंगलातला वणवा आहे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या माणसाला ही यादी आपल्या अंगणातूनच लिहिल्यासारखी वाटेल. उन्हाळ्यात मोहफुले वेचायला झाडाखालचा पाला जाळतात आणि आग पसरते. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. इरई नदीचे पाणी चढले की चंद्रपूरच्या रहमतनगरात शिरते.

आणि हत्ती. २०२१ च्या ऑक्टोबरात छत्तीसगडमधून रानहत्तींचा कळप गडचिरोलीत आला. त्यानंतर धानोरा, कुरखेडा, कोरची, आरमोरीकडच्या गावांत धानाबरोबर घरेही तुडवली गेली. जुन्या प्रमाणित आगविमा पॉलिसीत धडकेने होणाऱ्या नुकसानीच्या कलमात रेल्वे आणि रस्त्यावरच्या वाहनांबरोबर ‘प्राणी’ हा शब्द स्पष्ट होता. नव्या पॉलिसीत कोणत्याही बाहेरच्या वस्तूच्या धडकेने झालेले नुकसान धरले आहे आणि उदाहरणादाखल वाहन, कोसळणारे झाड, विमान, भिंत सांगितली आहे. हत्ती त्या उदाहरणांत नाही. माझ्या मते तो त्यात बसतो. तरीही कंपनीकडून लेखी उत्तर घ्यावे.

घुग्घुसच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची ओळ जमीन खचण्याच्या कलमातच, अपवादांत आहे. नव्या बांधकामाचे नैसर्गिक बसणे, भरावाच्या जमिनीची हालचाल, नदीने केलेली धूप, सदोष बांधकाम, आणि पाडकाम किंवा खोदकामामुळे झालेले खचणे भरपाईत येत नाही. पूर्वीच बंद झालेल्या खाणीला ‘खोदकाम’ म्हणायचे का? शेजाऱ्याने पाया खणला आणि भिंत गेली, अशा प्रसंगासाठी हा अपवाद आहे असे मला वाटते. पण दाव्याच्या वेळी हाच शब्द पुढे केला जाऊ शकतो. शिवाय विमा इमारत पुन्हा बांधण्याचा खर्च देतो, जमिनीची किंमत नाही. इथे तर जमीनच गेलेली असते.

किरायाचे कलम मात्र मनापासून आवडले. विमा घेतलेल्या आपत्तीने घर राहण्याजोगे उरले नाही, तर मालकाचा बुडालेला किराया कंपनी देते. मालक स्वतः त्यात राहत असेल, तर तशाच दुसऱ्या घराचे भाडे देते. किरायेदाराला जास्त भाड्याची जागा घ्यावी लागली, तर जुन्या आणि नव्या भाड्यातला फरक देते. ही मुदत दुरुस्तीला लागणाऱ्या रास्त काळापुरती, आणि जास्तीत जास्त तीन वर्षांची आहे. त्यासाठी घर राहण्याजोगे नाही असे वास्तुविशारदाचे किंवा स्थानिक प्रशासनाचे प्रमाणपत्र लागते. घराचा भाग खाली करायला लावणाऱ्या आदेशाची प्रत म्हणूनच फेकू नये.

साध्या चोरीसाठी ही पॉलिसी नाही. आपत्ती आल्यापासून सात दिवसांत, तिच्यामुळे झालेली चोरी तेवढी धरतात. रोख रकमेचे पैसे मिळत नाहीत, म्हणून मोहफुले विकून आलेली नोटांची पुरचुंडी पेटीत ठेवणाऱ्याने ती बँकेत टाकावी. जुन्या पद्धतीत वीस लाखांच्या घराचा दहा लाखांचाच विमा असेल, तर दोन लाखांच्या नुकसानीला एकच लाख मिळे. या पॉलिसीत ती कपात काढून टाकली आहे.

अडचण कुडाच्या घरांची आहे. बांबू, गवत, पाने, ताडपत्री यांच्या भिंती किंवा छप्पर असलेल्या बांधकामाला विम्याच्या भाषेत ‘कच्चे’ म्हणतात आणि कंपन्या त्याला हात लावताना कचरतात. हत्ती आणि वणवा यांच्या वाटेत पहिली येतात ती हीच घरे. त्यांना आधार उरतो तो सरकारी मदतीचा. २०२२ च्या केंद्रीय निकषांनुसार पूर्ण पडलेल्या घराला मैदानी भागात १ लाख २० हजार, डोंगराळ भागात १ लाख ३० हजार रुपये मिळतात, झोपडीला ८ हजार. ही मदत मालकाला मिळते. गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात कच्च्या घरांसाठी सरकारने हप्ता भरून सामूहिक विमा काढावा, असे मला ठामपणे वाटते.

किरायाच्या दाव्यासाठी भाडेकरारही महत्त्वाचा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्याच्या कलम ५५ प्रमाणे भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. तोंडी ठरलेल्या खोलीचा किराया बुडाला हे कंपनीला पटवणे दोघांनाही जड जाते. कंपनीने दावा नाकारला, तर आपल्या जिल्ह्यांसाठी विमा लोकपालांचे पुण्याचे कार्यालय आहे. तिथे फी लागत नाही आणि वकीलही लागत नाही.

घुग्घुस, बल्लारपूर, माजरी अशा कोळसा खाणींच्या गावांत राहणाऱ्यांना एक विनंती आहे. पॉलिसी घेण्याआधी कंपनीला एवढेच लिहून विचारा: “माझ्या घराखाली जुनी कोळसा खाण आहे. त्यामुळे जमीन खचली, तर भरपाई मिळेल का?” उत्तर कागदावर घ्या आणि त्याची एक प्रत घराबाहेर, नातेवाइकाकडे ठेवा.