आधी धंदा विचारा

कामावर माणूस दगावला म्हणजे तो यंत्रात सापडून, भिंतीखाली चिरडून किंवा आगीत होरपळूनच दगावला असला पाहिजे, अशी आपल्या सुशिक्षित समाजाची समजूत आहे. ती चुकीची आहे, इतकेच नव्हे तर घातक आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 2023 साली प्रसिद्ध केलेल्या अंदाजाप्रमाणे कामापायी जगात दरसाल सुमारे 29 लाख 30 हजार माणसे प्राणास मुकतात. त्यांपैकी अपघाताने मरणारी सुमारे 3 लाख 30 हजार. बाकीची 26 लाख रोगाने मरतात. म्हणजे अपघाताच्या एका बळीमागे रोगाचे जवळजवळ आठ बळी! अपघाताची निदान बातमी तरी छापून येते. रोगाच्या मृत्यूस बातमी नाही, पंचनामा नाही, आणि बहुधा भरपाईही नाही.

हे धोके सर्व धंद्यांत सारखे नसतात, ही गोष्ट आमच्या व्यापारी वाचकांस त्यांच्याच परिचयाच्या मालावरून दाखवावी, असे आम्ही योजिले आहे. कापूस शेतातून निघून कापडाच्या रूपाने दुकानाच्या गादीवर येईपर्यंत अनेक हातांतून जातो, आणि प्रत्येक हातास निराळे दुखणे देऊन जातो.

पहिला हात फवारणी करणाराचा. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांच्या विषबाधेने वीसांहून अधिक शेतकरी व शेतमजूर मेले आणि शेकडो इस्पितळात पडले. ही विषे श्वासाबरोबर आत जातात, तशीच कातडीतूनही अंगात भिनतात. ओल्या सदऱ्यानिशी दिवसभर पंप वाहणाराने नाकास फडके बांधले, तरी त्याचे रक्षण होत नाही.

दुसरा हात गिरणीतला. रुई फोडताना व पिंजताना उडणाऱ्या बारीक धुळीने जो श्वासाचा रोग जडतो, त्यास डॉक्टर बिसिनोसिस म्हणतात. त्याचे लक्षण मोठे विलक्षण आहे. सुटी भोगून कामगार पहिल्या दिवशी कामावर आला की छाती आवळल्यासारखी होते, आणि पुढील दिवसांत आराम वाटू लागतो. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1890 साली झगडून मुंबईच्या गिरणी कामगारांस रविवारची सुटी मिळवून दिली; पण पिंजणीच्या खात्यातील कित्येकांस सोमवार दम घेऊनच उजाडत असे. पुढे वर्षे लोटली की हा दम वारांचा हिशेब ठेवीत नाही, आणि फुप्फुस कायमचे निकामी होते.

तिसरा हात विणकराचा. येथे धूळ त्या मानाने कमी. परंतु यंत्रमागांचा खडखडाट बहुधा 90 डेसिबलच्या वर असतो, आणि त्याने कान हळूहळू बधिर होतात. गेलेली श्रवणशक्ती कोणत्याही औषधाने परत येत नाही. चौथा हात रंगाच्या कारखान्यातला. काही रंगद्रव्यांच्या कारखान्यांत वर्षानुवर्षे राबणारांस मूत्राशयाचा कर्करोग होतो, हे फ्रँकफुर्टचे शस्त्रवैद्य लुडविग रेन यांनी 1895 सालीच दाखविले होते. तो उद्भवतो तोपर्यंत पुष्कळदा वीस-वीस वर्षे गेलेली असतात. पाचवा हात शिवणाऱ्या बाईचा. ढाक्याजवळच्या राणा प्लाझा इमारतीस तडे गेलेले आदल्या दिवशी दिसले, तेव्हा तेथील बँकेने आपली माणसे बाहेर काढली. शिवणकामाच्या कामगारांस मात्र दुसऱ्या दिवशी, 24 एप्रिल 2013 रोजी, कामावर बोलाविले गेले. इमारत कोसळून 1,100 हून अधिक जीव गेले.

पाच हात, पाच संकटे! मग सर्वांस एकच औषध लागू कसे पडावे? फडक्याने बहिरेपणा टळत नाही, कानातल्या बोळ्याने विष अडत नाही, आणि मोडकळीस आलेल्या इमारतीपुढे दोन्ही व्यर्थ. तथापि आपल्याकडे भिंतीवर सावधगिरीची एक पाटी लावली की मालकाचे कर्तव्य संपले असे मानतात!

कोणी म्हणतील, कामगार विडी ओढतो, त्याची छाती बिघडली तर दोष कोणाचा? विडीने हा रोग बळावतो, हे आम्हांस मान्य आहे. परंतु विडी सोडली म्हणून खात्यातील धूळ कमी होत नाही. अमेरिकेने 1978 साली गिरण्यांतील कापसाच्या धुळीवर कायद्याने मर्यादा घातली. यंत्रे झाकली गेली, धूळ ओढून घेणारे पंखे बसले, आणि थोड्याच वर्षांत तेथे या रोगाचे प्रमाण झपाट्याने उतरले. माणसांच्या सवयी तेवढ्यात बदलल्या नव्हत्या. हवा बदलली होती.

आपल्याकडे 1923 साली नुकसानभरपाईचा व 1948 साली कारखान्यांचा कायदा झाला. आता त्यांची जागा 2020 च्या संहितांनी घेतली असून त्या 21 नोव्हेंबर 2025 पासून अंमलात आल्या आहेत. ठरविलेल्या वर्गातील कामगारांची दरसाल मोफत वैद्यकीय तपासणी आणि प्रत्येकास नेमणुकीचे पत्र, या त्यांतील तरतुदींचे आम्ही स्वागत करतो. परंतु विजेवर चालणाऱ्या कारखान्याच्या व्याख्येस 1948 च्या मूळ कायद्यात 10 कामगार पुरत, तेथे आता 20 लागतात. मुंबईच्या गिरण्या 1982 च्या संपानंतर एकामागून एक बंद पडल्या. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथील यंत्रमागांच्या कित्येक शेडमध्ये तर मोजकीच माणसे राबतात. जेथे धोका दडून बसतो, तेथेच कायद्याची नजर अंधुक व्हावी, हे इष्ट नव्हे.

म्हणून आमच्या तीन मागण्या आहेत. कोणत्या कामगाराने कोठे, किती वर्षे, कशाच्या धुळीत वा रसायनात काम केले, याची नोंद त्याच्याजवळ राहावी. कारण वीस वर्षांनी रोग उद्भवला म्हणजे मुकादम सापडत नाही आणि मालक ओळख देत नाही. दुसरे, प्रत्येक दवाखान्याच्या केसपेपरवर धंद्याचा रकाना असावा आणि तो भरला जावा. इटलीतील वैद्य रामाझिनी यांनी रोग्यास त्याचा धंदा विचारा असे 1700 सालच्या ग्रंथात सांगून ठेविले. आपल्याकडे दगडफोड्याचा खोकला अजूनही क्षय समजून वागविला जातो, आणि दगडाच्या धुळीने झालेला सिलिकोसिस तसाच राहतो. तिसरी मागणी आमच्या व्यापारी वाचकांकडे आहे. माल घेताना आपण सुताचा नंबर पाहता, रंगाचा पक्केपणा पाहता, उधारीची मुदत ठरविता. त्याच बैठकीत शेडमध्ये धूळ ओढणारा पंखा आहे काय, आणि मागचा दरवाजा उघडा असतो काय, एवढे दोन प्रश्न विचारा. गिऱ्हाइकाने विचारलेला प्रश्न कारखानदार सहसा टाळीत नाही. आणि या पंख्याचा खर्च भावात दोन पैशांनी वाढला, तर तो देणे हे दानधर्म नव्हे. आजवर जी किंमत दुसऱ्याच्या छातीतून वसूल होत होती, तीच आपण रोख मोजली असे होईल.