दवाखान्याचे बिल : सही करण्यापूर्वी वाचा

"विमा आहे, मग बिल कशाला बघायचे?" असे आमच्या गणपतीपुळे परिसरात हमखास ऐकू येते. लॉजवर, हॉटेलात राबणारे आपले बांधव दुखणे मोठे झाले की मालगुंडच्या आरोग्य केंद्रातून रत्नागिरीला, तिथून आंबा घाट चढून कोल्हापूरला जातात. घरी सोडण्याच्या दिवशी हातात चार पानी बिल पडते. गाडीची वेळ झालेली असते. मग बोट दाखवतील तिथे सही!

आम्ही हिशेबाच्या कामातले, म्हणून लोक अशी बिले आमच्याकडे आणतात. अशाच एका बिलात पाच दिवसांच्या खाटेचे भाडे सहा दिवसांचे लावले होते आणि परत केलेल्या औषधांची वजावट कुठेच नव्हती. लेखी विचारल्यावर रुग्णालयाने दोन्ही रकमा कमी केल्या. लबाडी की चूक, ते सोडा. न विचारता कंपनीने ती रक्कम नाकारली असती तर ती रुग्णाच्या माथी आली असती. आणि दिली असती तरी ती कुटुंबाच्या वर्षाच्या विमारकमेतूनच गेली असती. वाचकहो, विम्याचे पैसे म्हणजे परक्याचे पैसे नव्हेत.

खोलीच्या भाड्याचा फटका तर कोणी सांगतही नाही. समजा, विमा तीन लाखांचा आणि अटीप्रमाणे खोलीभाड्याची मर्यादा एक टक्का, म्हणजे रोजचे 3,000 रुपये. तुम्ही 5,000 ची खोली घेतलीत. पॉलिसीत प्रमाणशीर कपातीची अट असेल तर डॉक्टरांच्या 60,000 च्या फीपैकी कंपनी 36,000 च मान्य करील. औषधे, तपासण्या व शरीरात बसविलेली उपकरणे यांना मात्र ही कपात लागू होत नाही. तिथे कात्री लागली असेल तर जरूर भांडा.

बिले तपासली की उतरतात, हे कोरोनाकाळात दिसले. 21 मे 2020 च्या आदेशाने राज्य शासनाने खासगी रुग्णालयांत साध्या खाटेस दिवसाला 4,000, अतिदक्षता विभागास 7,500 व व्हेंटिलेटरसह 9,000 रुपये दर ठरविला. बिले तपासायला लेखापरीक्षक नेमले आणि कित्येकांना जादा घेतलेले पैसे परत मिळाले. 2021 च्या नियमांनुसार खासगी रुग्णालयाने दरपत्रक दर्शनी लावणेही बंधनकारक आहे. ते दिसले नाही तर मागा. तपशीलवार बिल मागणे हा तर रुग्णाचा हक्कच आहे.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत 1 जुलै 2024 पासून कुटुंबास वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. योजनेतील रुग्णालयात मंजूर उपचाराची औषधे, तपासण्या, रुग्णाचे जेवण, एवढेच काय परतीचे एस.टी. भाडेही पॅकेजमध्ये धरलेले असते. तरी कोणी "हे बाहेरून आणा" म्हणाले तर पावती जपून ठेवा, आरोग्यमित्राला गाठा, नाही तर 155388 वर तक्रार नोंदवा.

खासगी विम्याची तक्रार आधी कंपनीकडे लेखी करावी. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. तिथे फी नाही, वकीलही लागत नाही. मात्र कंपनीने नकार दिल्यापासून वर्षाच्या आत अर्ज जायला हवा, म्हणून त्या नकारपत्राचा लिफाफासुद्धा फेकू नका.